वीस हजारांत गेमिंग पीसी: आधी अर्थिंग, मग ग्राफिक कार्ड

माझा धंदा मोटार रिवाइंडिंगचा. दारव्हा तालुक्यातल्या एका गावात बसस्टँडसमोर टिनाचं दुकान आहे. रब्बीत गव्हाला पाणी सुरू झालं की जळालेल्या पंपांची दुकानापुढे रांग लागते. संगणकाची ओळखही अशा जळक्या मालातूनच झाली. कोणी एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा आतला डबा, आणून टाकायचा, मी उघडून पाहायचो.

मागच्या डिसेंबरात भाचा आला. "मामा, मले गेमिंग पीसी पायजे. आईनं कापसाच्या पट्टीतून वीस हजार देल्ले." सोबत मोबाइलवर कुठल्याशा व्हिडिओतून उतरवलेली यादी होती. काचेचं कॅबिनेट, रंगीत दिव्यांचे पंखे आणि शेवटी, पैसे उरले तर, एसएमपीएस. मी यादी उलटी वाचायला घेतली.

आमच्या गावठाणात संध्याकाळी सातला मीटर लावला तर 165 व्होल्ट दिसतात, रात्री दोनला 245. व्होल्टेज पडलं की मोटार जास्त करंट ओढते, वायर तापते, वार्निश जळतं. एसएमपीएसचंही तेच. पीसीला लागणारी पॉवर तेवढीच असते, मग आतले पार्ट कमी व्होल्टेजवर जास्त करंट ओढून ती पुरी करतात. म्हणून दुकानात एसएमपीएसचं लेबल वाचा. 'इनपुट' समोर 100 ते 240 व्होल्ट लिहिलं असेल तर आपल्या कामाचा. नुसतं 230 लिहिलं असेल आणि उचलून पाहिला तर रिकाम्या डब्यासारखा हलका लागत असेल, तर त्यावर 500 वॉट छापलेलं असलं तरी ठेवून द्या. असे '500 वॉट' मी उघडले आहेत. काहींत फिल्टरच्या कॉइलच्या जागी नुसत्या तारेचे तुकडे जोडलेले होते.

चांगला एसएमपीएस स्वस्तात मिळण्याची एक जागा म्हणजे ऑफिसातून निघालेले जुने ब्रँडेड पीसी. नागपुरात बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, ते मिळतात. आम्ही सकाळच्या एसटीनं गेलो आणि डेल ऑप्टिप्लेक्सचा, इंटेलच्या आय5-4570 प्रोसेसरवाला टॉवर 7,200 रुपयांत घेतला. 8 जीबीची एक रॅम, कीबोर्ड आणि माऊस त्यातच आले. हा चार कोरचा प्रोसेसर, 3.2 गिगाहर्ट्झचा, गरज पडली तर 3.6 पर्यंत जाणारा. 2013 चा आहे, पण भाच्याला जीटीए 5 आणि व्हॅलोरंट खेळायचं होतं, त्याला पुरतो.

घेताना एक पाहा. टॉवरच घ्या, चपटा 'स्लिम' डबा घेऊ नका. तो हजारभर स्वस्त असतो, पण त्यात पूर्ण उंचीचं ग्राफिक कार्ड, म्हणजे गेमचं चित्र तयार करणारा पार्ट, बसत नाही. अर्ध्या उंचीचं शोधत बसलात तर वाचलेले हजार त्यातच जातात. दुसरं असं की या पिढीच्या डेलमध्ये मदरबोर्डला नेहमीची 24 पिनची वायर नसते, कंपनीची स्वतःची 8 पिनची असते. उद्या एसएमपीएस बदलायची वेळ आली तर मधे कन्व्हर्टर वायर लागेल. आम्हाला बदलायचा नव्हता. त्यातला 290 वॉटचाच ठेवायचा होता.

आता कार्ड. भाच्याचं मन आरएक्स 580 वर बसलं होतं. 8 जीबीचं कार्ड सहा हजारांत! मीही क्षणभर हललो. पण ते कार्ड एकटंच 185 वॉट खातं आणि त्याला वेगळी पॉवर वायर लागते, जी या एसएमपीएसला नाही. शिवाय सप्टेंबर 2022 मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग, म्हणजे कार्डांवर चालणारी कमाई, बंद झालं आणि रात्रंदिवस राबलेली असली कार्डं बाजारात ओतली गेली. वर्षभर चोवीस तास चाललेल्या पंपाची मोटार तुम्ही नव्या रंगावर भुलून घ्याल का? भाचा नाराज झाला, दुकानाबाहेर जाऊन सावजी समोस्याचा शोध घेऊन आला, मग ऐकलं.

आम्ही जीटीएक्स 1650 घेतलं, 4 जीबी, जुनं, 6,200 ला. हे 75 वॉटमध्ये चालतं आणि तेवढी पॉवर त्याला स्लॉटमधूनच मिळते. मात्र याच नावाच्या काही कार्डांना 6 पिनचं सॉकेट असतं, ती नकोत. कार्डाची वरची कड पाहूनच घ्या. 1050 टीआय दीड हजारानं कमी मिळत होतं, पण ऑक्टोबर 2025 नंतर त्याला नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर (कार्ड चालवणारे प्रोग्राम) येणं बंद झालं, आता फक्त सुरक्षेचे येतात. आरएक्स 6400 नव्या दमाचं म्हणून कोणी दाखवलं तर तेही या मशीनला नको. त्याला मदरबोर्डाशी बोलायला चारच लेन आहेत, जुन्या बोर्डावर ते गुदमरतं.

कार्ड दुकानातच लावून पाहा. जीपीयू-झेड नावाचा छोटा प्रोग्राम पेनड्राइव्हवर न्या. बायोस, म्हणजे कार्डातला मूळ प्रोग्राम, बदलून जुन्या कार्डाला नवं नाव दिलेलं असेल तर तो बहुतेक वेळा नावापुढे 'फेक' दाखवतो. मग फरमार्क, कार्डावर पूर्ण भार टाकणारा प्रोग्राम, पंधरा मिनिटं चालू ठेवा. दुकानदार कुरकुरतो, कुरकुरू द्या. पंधरा दिवसांची मुदत बिलावर लिहून घ्या, तोंडी नको.

रॅममध्ये मीच फसलो. 8 जीबीची डीडीआर3 पट्टी सहाशेला दिसली, घेतली. घरी लावली तर तीन बीप आणि काळा पडदा. ती फक्त एएमडी कंपनीच्या प्रोसेसरवाल्या बोर्डावर चालणारी निघाली. इंटेलवर चालेल अशी पट्टी नंतर नऊशेला आणली. ते सहाशे माझ्या खिशातून गेले, बहिणीला सांगितलेलं नाही. मुद्दा असा की 16 जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा 8 च्या दोन घ्या. डेटाला दोन बाजूंनी रस्ता मिळतो.

गेम साठवायला सॅटा एसएसडी 240 जीबीची, 1,900. जुना 19 इंची मॉनिटर 1,800. त्याला फक्त व्हीजीए, म्हणजे जुन्या पद्धतीचं सॉकेट, होतं आणि 1650 ला व्हीजीए नसतं, म्हणून 250 चा कन्व्हर्टर. छोट्या स्क्रीनचं वाईट वाटून घेऊ नका, 4 जीबीच्या कार्डाला तेवढाच भार झेपतो.

हा सगळा माल घरी आला आणि भाचा लगेच भिंतीवरच्या विजेच्या बोर्डात पिन खुपसायला निघाला. त्याच्या घरी तीन पिनचा बोर्ड होता, पण मागे वायर दोनच. तिसरं भोक नुसतं शोभेला. असं असलं की कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येतात. एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रलला कॅबिनेटशी जोडणारे छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग असेल तर त्यांतून येणारा करंट जमिनीत जातो, नसेल तर कॅबिनेटवर अंदाजे शंभर-सव्वाशे व्होल्ट तरंगत राहतात. करंट नगण्य असतो, माणूस मरत नाही, पण कार्ड लावता-काढताना किंवा मॉनिटरची वायर जोडताना पोर्ट मरू शकतो.

"अर्थिंगले काहून पैसे मामा? त्याच्यानं गेम फास्ट चालते का?"

नाही चालत. पण खड्डा आम्हीच खणला. अंगणात मोरीच्या पाण्याजवळ, गुडघाभर खणून दोन मीटरचा जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप ठोकला, भोवती कोळसा आणि खडं मीठ, वरून तांब्याची तार थेट बोर्डापर्यंत. 650 रुपये. आपली जमीन काळी, एप्रिलमध्ये तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि माती पाइपला सोडून देते. म्हणून उन्हाळ्यात रोज बादलीभर पाणी त्या खड्ड्यात ओता. बोर्डाची जोडणी आणि तपासणी वायरमनकडूनच करून घ्या. आणि कोणी शॉर्टकट म्हणून अर्थिंगची पिन न्यूट्रलला जोडून देत असेल तर त्याला चहा पाजून परत पाठवा. न्यूट्रल तुटली की अख्खं कॅबिनेट 230 व्होल्टचं होतं.

पुढचं यूपीएस. 600 व्हीएचा जुना, नव्या बॅटरीसकट 900 ला जमवला, ओळखीत मिळाला. गेम चालू असताना हे मशीन 200 वॉटच्या आसपास ओढतं, म्हणजे लाईन गेल्यावर पाच-सात मिनिटं. गेम सेव्ह करून बंद करायला पुष्कळ. घरच्या इन्व्हर्टरवर लावणार असाल तर मागचा स्विच 'यूपीएस' वर करा, नाहीतर लाईन बदलताना मशीन बंद पडतं.

जोडणीचं काम अर्ध्या तासाचं. पिन काढा, चालू करायचं बटण पाच सेकंद दाबून धरा, म्हणजे आत साठलेलं निघून जातं. प्रोसेसरचा पंखा काढा. आमच्या मशीनमधली जुनी पेस्ट वाळून पावडर झाली होती. ती पुसा आणि नवी लावा, तुरीच्या दाण्याएवढी, मधोमध. पोळीवर तूप लावल्यासारखी पसरवायची नाही, पंखा दाबला की ती आपोआप पसरते. 150 ची ट्यूब, पण गेममध्ये 92 अंशांवर जाणारा प्रोसेसर 74 वर आला. मदरबोर्डावरचा नाण्याएवढा सेलही बदला, 30 रुपये. तो मेला असेल तर घड्याळ मागे जातं आणि अर्ध्या वेबसाइट उघडत नाहीत. मग रॅमच्या दोन पट्ट्या एकाच रंगाच्या स्लॉटमध्ये, कार्ड सगळ्यात लांब स्लॉटमध्ये, 'कट' आवाज येईपर्यंत. मॉनिटरची वायर कार्डाला लावा, मदरबोर्डाला नाही. ही चूक भाच्यानं केली आणि दोन दिवस गेम अडखळतो म्हणून मला शिव्या घातल्या.

एकूण 19,980. उरलेल्या वीस रुपयांत दोन चहा.

विंडोज 10 टाकलं. 11 च्या यादीत हा प्रोसेसर नाही, आणि व्हॅलोरंट 11 वर टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप मागतं. 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, म्हणून या मशीनवर बँक किंवा पीक विम्याचे फॉर्म भरू नका, गेमच खेळा.

जीटीए 5 शंभर जीबीच्या वर जातं. दिवसाला 2 जीबीच्या रिचार्जवर ते उतरवायचं तर दोन महिने. आम्ही एसएसडीच काढून पिशवीत घातली, यवतमाळला फायबर असलेल्या मित्राच्या पीसीला जोडली, स्टीम या गेम विकणाऱ्या ॲपवरून गेम रात्रभर त्याच एसएसडीवर उतरवला आणि सकाळच्या गाडीनं परत आणली. घरच्या स्टीमला तो फोल्डर दाखवला की पुन्हा डाउनलोड होत नाही, थोडंफार तपासून सुरू होतं.

राहिला कापूस. बहिणीकडे भाव वाढेल या आशेनं कापूस आतल्या खोलीत छतापर्यंत भरलेला असतो, आणि भाच्यानं पीसी त्याच खोलीत मांडला होता. तीन आठवड्यांत कार्डाच्या पंख्यावर रुईची गादी. शिवाय कापसाशेजारी गरम डबा ठेवणं म्हणजे आगीला आवतण. मशीन ओसरीतल्या खोलीत हलवलं, टेबलावर, भिंतीपासून वीतभर दूर. कॅबिनेटमागची रिकाम्या पट्टीची फट बंद केली, कारण तिथून पाल शिरते आणि तिच्यामुळे बोर्ड शॉर्ट झालेला मी पाहिला आहे. महिन्यातून एकदा ब्लोअर मारायचा, पंख्याचं पातं बोटानं धरून. पंक्चरवाल्याच्या हवेनं नाही, तिच्यात पाणी असतं.

मे महिन्यात पारा 45 वर गेला की कूलर लागतो. त्याचा ओला झोत थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नका, आपल्या पाण्याचा क्षार पार्टांवर बसतो. कूलर माणसाकडे, पीसी त्याच्या आडव्या बाजूला. गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) 60 वर बांधून ठेवा, तेवढीच ऊब कमी. आणि दुपारी एक ते चार मशीन बंद. भाचा त्या वेळात काय करतो विचाराल तर, माझ्या दुकानात येऊन कॉइल गुंडाळतो. एका मोटारीचे दीडशे देतो मी त्याला. मोठा एसएमपीएस घ्यायचा म्हणतो.