शाळेच्या निबंधाकडून कॉलेजच्या लेखनाकडे: मुलांची तयारी कशी करून घ्यावी

शाळेत निबंधाला भरघोस गुण मिळवणारी मुलं कॉलेजच्या पहिल्याच असाइनमेंटला अडखळतात, तेव्हा ‘भाषा कच्ची आहे’ असं म्हणून आपण मोकळे होतो. खरी अडचण बहुधा वेगळीच असते. शाळेच्या निबंधात मुलाला काय काय माहीत आहे ते दाखवायचं असतं. कॉलेजात विचारतात की या माहितीवरून तुझं म्हणणं काय, आणि ते आम्ही का मानावं? ही सवय एका सुट्टीत लागत नाही. शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांत महिन्याला एकच लेख लिहून घ्या, पण तोच तीनदा लिहून घ्या.

१. विषय देऊ नका, प्रश्न द्या

‘मोबाइल: शाप की वरदान’ असा विषय दिला की मूल चार फायदे लिहितं, चार तोटे लिहितं आणि ‘सगळं वापरणाऱ्यावर अवलंबून आहे’ म्हणून पेन खाली ठेवतं. त्यात चूक सापडत नाही आणि मतही सापडत नाही. त्याऐवजी विचारा, ‘वर्गात मोबाइलवर पूर्ण बंदी असावी का?’ आता बाजू घ्यावीच लागते.

पहिलं उत्तर ‘हो, कारण लक्ष उडतं’ एवढंच येईल. तिथे सोडू नका. कोणत्या तासाला उडतं? मुलं स्वतः माहिती शोधत असतात तेव्हाही उडतं का? बंदी आली तर शब्दकोश कुठे पाहायचा? अशा प्रश्नोत्तरांनंतर वहीत असं वाक्य उतरतं: ‘शिक्षक शिकवत असताना मोबाइल बंदच हवा, पण मुलं स्वतः माहिती शोधतात त्या तासाला बंदी अभ्यासाच्याच आड येते.’ यावर कोणी तरी वाद घालू शकतो, म्हणूनच यावर लेख उभा राहतो. हे वाक्य सापडेपर्यंत पुढचं काही लिहू देऊ नका, मग त्यात एक अख्खा तास गेला तरी चालेल.

२. वाचून झालं की पुस्तक मिटून लिहायला लावा

वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारायची. डावीकडे लेखक काय म्हणतो ते, उजवीकडे आपल्याला काय वाटलं ते. मग मूळ मजकूर मिटून त्याचा सारांश पाच ओळींत लिहायचा. समोर पाहून लिहिलं की लेखकाचीच वाक्यं दोन-चार शब्द बदलून वहीत येतात, आणि कॉलेजात ते वाङ्मयचौर्य ठरतं. बरीच मुलं हे अजाणतेपणी करतात, त्यामुळे नुसतं दटावून उपयोग होत नाही. ही सवय मात्र उपयोगी पडते. सारांश जमत नसेल तर मजकूर समजलेला नाही, हेही तिथल्या तिथे कळतं.

३. पुराव्यानंतर दोन वाक्यं हवीतच

अवतरण दिलं की मुद्दा सिद्ध झाला, असं मुलांना वाटतं. अवतरणाआधी ते कोणाचं आहे ते सांगायचं, आणि नंतर त्यातून आपलं म्हणणं कसं सिद्ध होतं ते स्वतःच्या शब्दांत, दोन वाक्यांत लिहायचं. विरोधी बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दाही लेखात यायला हवा. दुबळा मुद्दा निवडून तो खोडणं सोपं, पण वाचणाऱ्याला ते लगेच कळतं.

४. संदर्भाची शैली पाठ करून घेऊ नका

वाचतानाच लेखक, शीर्षक, साल, प्रकाशन आणि पान टिपून ठेवायची सवय शाळेत पुरेशी आहे. शैली म्हणजे संदर्भ कसा लिहायचा याची ठरलेली पद्धत; तिच्यामागचं कारण मात्र समजावून सांगा. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या शैलीचे पहिले नियम १९२९ मध्ये मानसशास्त्राच्या एका नियतकालिकात आले. त्या शैलीत मजकुरात लेखकाच्या नावापाठोपाठ साल येतं, कारण संशोधन किती जुनं आहे याला तिथे महत्त्व असतं. साहित्याच्या अभ्यासात चालणाऱ्या एमएलए (मॉडर्न लँग्वेज असोसिएशन) शैलीत नावापुढे पानाचा आकडा येतो, कारण वाचणाऱ्याला ती नेमकी ओळ शोधायची असते. एवढं कळलं की नियम जाचक वाटत नाहीत.

५. पुन्हा लिहिणं म्हणजे शुद्धलेखन तपासणं नव्हे

माझ्या मते सगळी तयारी इथेच होते. पहिला खर्डा झाला की दोन दिवस बाजूला ठेवा. मग प्रत्येक परिच्छेदाशेजारी समासात एकच ओळ लिहायला सांगा: हा परिच्छेद काय म्हणतो? त्या ओळी फक्त वाचा. मोबाइलच्या लेखात समासात असं दिसू शकतं: ‘मोबाइलचा शोध’, ‘लक्ष उडतं’, ‘माहिती पटकन मिळते’, ‘पुन्हा लक्ष उडतं’. पहिल्या परिच्छेदाचा प्रश्नाशी संबंध नाही आणि दुसरा-चौथा एकच आहेत, हे सांगावं लागत नाही. मूल स्वतःच ते परिच्छेद खोडतं.

दुसऱ्या खर्ड्यात क्रम आणि मुद्दे बदलतात. तिसऱ्यात लेख मोठ्याने वाचायचा. जिथे श्वास पुरत नाही तिथे वाक्य तोडायचं. ऱ्हस्व-दीर्घ पाहायचं ते यानंतर, कारण जे वाक्य उद्या खोडलं जाणार आहे त्याची वेलांटी आज सुधारून काय मिळणार?

तपासताना पान लाल करू नका. मीही पूर्वी प्रत्येक चूक दाखवायचो, आणि मुलं गुण पाहून वही मिटायची. आता मी एका खर्ड्यावर दोनच गोष्टी लिहितो, त्याही प्रश्न म्हणून: ‘हे तुला कशावरून वाटतं?’ अशा प्रश्नाला उत्तर द्यायला वही पुन्हा उघडावी लागते.

तयार मजकूर लिहून देणारी साधनं हाताशी आहेतच. म्हणून पहिला खर्डा समोर बसवून, हाताने लिहून घ्या.

तिन्ही खर्डे एकत्र टाचून फाइलला लावा आणि वर मुलाच्याच हातच्या चार ओळी असू द्या: पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत काय बदललं आणि का. पुढचा लेख सुरू करण्याआधी त्याला त्या ओळी वाचायला सांगा.