गाळप हंगामातील रेडकांचे संगोपन: पूरक खाद्यांचा विचार वजन मोजूनच करावा

ऊसपट्ट्यात गाळप सुरू झाले की वाढे (उसाचे हिरवे शेंडे) मुबलक मिळते आणि म्हशीची नर रेडकी दावणीला बांधून वाढवण्याचा विचार पुढे येतो. राज्यात २०१५ पासून बैल व वळू यांच्या कत्तलीस बंदी असल्याने मांसासाठीचे असे संगोपन म्हशीच्या नर वासरांपुरतेच उरले आहे. या काळात बाजारात वजनवाढीच्या नावाने अनेक पावडरी मिळतात. परंतु त्या घेण्यापूर्वी जंतनाशक, गोचीड नियंत्रण, लाळ्या-खुरकूत लसीकरण आणि चोवीस तास स्वच्छ पाणी यांची पूर्तता झालेली असावी.

वाढ्यामध्ये ऑक्झलेट असते व ते चाऱ्यातील कॅल्शियम बांधून ठेवते. त्यामुळे केवळ वाढ्यावर ठेवलेल्या जनावराची हाडे कमकुवत होतात आणि वाढ खुंटते. वाढे कुट्टी करून, कडबा किंवा हिरव्या द्विदल चाऱ्यात मिसळून द्यावे. लहान रेडकांना रोज २० ते २५ ग्रॅम व मोठ्यांना ५० ग्रॅम खनिज मिश्रण खुराकातून द्यावे. आमच्या मते या हंगामात सर्वांत आधी पैसा घालावा तो यातच.

मका भरडा व पेंड एकदम वाढवल्यास कोठीपोटात (चारा आंबवणाऱ्या पहिल्या मोठ्या पोटात) आम्ल साचते, रवंथ थांबतो, शेण पातळ होते आणि महिन्याची कमाई आठवड्यात जाते. म्हणून खुराक दोन ते तीन आठवड्यांत टप्प्याटप्प्याने वाढवावा. धान्याचे प्रमाण जास्त असेल तरच १०० किलो खुराकात १ ते १.५ किलो खाण्याचा सोडा मिसळावा. चाराच अधिक असेल तेथे त्याची सहसा गरज पडत नाही.

प्रथिनांना पर्याय म्हणून खुराकात घातला जाणारा युरिया स्वस्त असला तरी तो सर्वाधिक जपून वापरावा. १०० किलो खुराकात १ किलोपेक्षा अधिक युरिया नसावा, तो बारीक करून सर्वत्र सारखा मिसळावा, सोबत मळी (मोलॅसिस) किंवा धान्य असावे आणि सहा महिन्यांखालील रेडकांना तो मुळीच देऊ नये. पिण्याच्या पाण्यात विरघळवून देणे जिवावर बेतते. तोंडाला फेस, थरथर किंवा पोटफुगी दिसताच पशुवैद्यकास बोलवावे.

मोनेन्सिन हे औषध अमेरिकेतील गोठ्यांत १९७० च्या दशकाच्या मध्यापासून वापरात आहे. त्यामुळे कोठीपोटात प्रोपिऑनिक आम्ल वाढते, मिथेन घटतो आणि तेवढ्याच वाढीला खाद्य कमी लागते. मात्र तेथील आहार प्रामुख्याने धान्याचा असतो व औषध यंत्राने मोजून मिसळले जाते, त्यामुळे तेथील आकडे वाढे-कडब्यावरील रेडकांना लावता येणार नाहीत. युरोपीय संघाने २००६ पासून वाढीसाठी त्याचा वापर बंद केला आहे. घोड्याला तर ते अल्प मात्रेतही प्राणघातक ठरते. पशुवैद्यकाच्या लेखी सल्ल्याशिवाय ते हाताने मिसळू नये.

कोणतेही पूरक खाद्य उपयोगी पडते का, हे आपल्याच गोठ्यात तपासता येते. सारख्या वजनाच्या रेडकांचे दोन गट करावेत, एकाला ते द्यावे, दुसऱ्याला नको, बाकी आहार सारखा ठेवावा. छातीचा घेर व खांद्यापासून माकडहाडापर्यंतची लांबी इंचांत मोजावी. घेराचा वर्ग गुणिले लांबी भागिले ६६० केल्यास अंदाजे वजन किलोत मिळते. घेर ५० व लांबी ४४ इंच असल्यास ते सुमारे १६७ किलो येते. दर महिन्याला सकाळी, खुराकापूर्वी, त्याच माणसाने माप घ्यावे आणि दोन गटांतील वाढीच्या फरकाची किंमत पावडरीच्या खर्चाशी ताडून पाहावी.