जुनं पुस्तक घेण्याआधी पॅटर्न बघा

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात इंजिनिअरिंगची जुनी पुस्तकं स्वस्तात मिळतात, पण घरी आल्यावर कळतं की पुस्तक २०१९ पॅटर्नचं, म्हणजे त्या वर्षीच्या अभ्यासक्रमाचं, आणि आपला २०२४ पॅटर्न. विषयाचं नाव तेच असलं तरी युनिट बदललेली असतात.

१. विद्यापीठाच्या साइटवरून सिलॅबसची पीडीएफ मोबाइलमध्ये उतरवून घ्या.
२. दुकानात कव्हरवरचा पॅटर्न आणि सेमिस्टर वाचा. मग अनुक्रमणिका सिलॅबसशी युनिटवार ताडून बघा. एखादं युनिट कमी असेल तर तेवढ्याची झेरॉक्स किंवा नोट्स भागतात. दोन-तीन नसतील तर स्वस्त असूनही महागच.
३. पानं भराभर चाळा. फाटतात ती बहुधा सोडवलेली गणितं आणि शेवटच्या प्रश्नपत्रिका, म्हणजे नेमकी कामाची पानं. पेन्सिलच्या खुणा चालतील, पेनने भरलेली उत्तरं नकोत.
४. सेमिस्टरनंतर परत घेणार का आणि कितीला, हे पैसे देण्याआधीच विचारा. ठरलेला भाव बिलावर लिहून घ्या.

जाडजूड संदर्भग्रंथाची एखादी आवृत्ती मागची असली तरी बिनधास्त घ्या. फक्त गणितांचे क्रमांक वेगळे निघू शकतात.

आत कॉलेजच्या ग्रंथालयाचा शिक्का असेल आणि ‘रद्द’ असा शेरा नसेल, तर ते पुस्तक तिथेच ठेवा.