पहिला क्लायंट मिळायच्या आधी पोर्टफोलिओ कसा उभा करायचा

काम नाही म्हणून पोर्टफोलिओ नाही आणि पोर्टफोलिओ नाही म्हणून काम नाही, नव्या फ्रीलान्सरांचं हे दुखणं जुनंच आहे. डिझाइन, इलस्ट्रेशन, व्हिडिओ एडिटिंग, कॉपीरायटिंग, फोटोग्राफी, कुठलंही क्षेत्र घ्या, सुरुवातीला सगळे इथेच अडकतात. पण यातून सुटायला कुणी पैसे देणारा भेटायलाच हवा असं नाही. क्लायंट तुमचं काम बघतो तेव्हा "वा, काय सुंदर" यापेक्षा "माझं काम या माणसाला झेपेल का" हे जास्त शोधत असतो. ते त्याला दिसलं की त्या कामाचे तुम्हाला पैसे मिळाले होते का हा प्रश्न बराच मागे पडतो. म्हणून पोर्टफोलिओत चार देखणी चित्रं ठेवण्यापेक्षा चार सोडवलेल्या अडचणी ठेवा, माझं सगळं सांगणं या एकाच गोष्टीभोवती आहे.

१. आधी एक ओळ लिहून काढा

मी अमक्यांसाठी तमकं करतो, एवढंच. "मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते", "मी छोट्या ऑनलाइन दुकानांसाठी प्रॉडक्टची माहिती लिहितो", "मी शिकवणाऱ्यांचे लांब व्हिडिओ कापून छोटे करतो". लोगो, लग्नाचे फोटो, वेबसाइट आणि रील्स असं सगळं एकाच ठिकाणी टाकलं की बघणाऱ्याला तुम्हाला कुठल्या कामासाठी बोलवायचं तेच कळत नाही. ही ओळ जन्मभराची नाही, पुढे खुशाल बदला, पण पहिले तीन-चार प्रोजेक्ट तरी तिच्यातलेच असू द्या.

२. ब्रीफ स्वतःच लिहा, आणि त्यात अडचण घाला

ब्रीफ म्हणजे काय बनवायचं आणि कुठल्या अटींत, हे सांगणारी क्लायंटची लेखी सूचना. बहुतेकांचं इथेच चुकतं. क्लायंट नाही म्हणून मनाला येईल ते बनवतात, काल्पनिक कॅफेचा लोगो, काल्पनिक परफ्यूमची बाटली, आणि ते छान दिसतंही, पण त्यात कुठे काही अडलेलंच नसतं. खऱ्या कामात जागा कमी असते, मजकूर जास्त असतो, छपाई एकाच रंगात असते, वाचणाऱ्याला चष्मा लागतो. या अटी तुम्हीच स्वतःला घाला.

एक उदाहरण नीट बघू. समजा तुम्हाला माहिती सोपी करून मांडणाऱ्या डिझाइनचं काम हवंय. बसस्टॉपवरचं एखादं वेळापत्रक घ्या, बारीक आकड्यांचा गच्च भरलेला तक्ता असतो तसलं. आता ब्रीफ लिहा: कागद ए-फोर, छपाई काळ्या-पांढऱ्यात, एकही बस गाळायची नाही, वाचणारा मीटर-दीड मीटरवर उभा, संध्याकाळचा अंधुक उजेड, आणि त्याला एकच गोष्ट हवी आहे, आत्तानंतरची पुढची बस कधी. मग जुना तक्ता भिंतीला चिकटवा, घरातल्या किंवा ओळखीतल्या पाच जणांना लांब उभं करा, "सहानंतरची पहिली बस सांगा" म्हणा आणि फोनवर स्टॉपवॉच लावा. कोण कुठे अडखळतं ते लिहून ठेवा, कुणी चुकीच्या ओळीत जाईल, कुणी रविवारचा रकाना वाचेल. मग डिझाइन करा, प्रिंट काढा आणि पुन्हा तेच विचारा, पण या वेळी जमल्यास दुसऱ्या पाच जणांना, कारण पहिल्यांना उत्तर आता माहीत असतं.

आता तुमच्या हातात आधी लागलेला वेळ आहे, नंतर लागलेला वेळ आहे, लोक कुठे चुकले ते आहे आणि तुम्ही काय बदललं ते आहे. पाच माणसांवरून फार मोठा दावा करता येत नाही, तेव्हा "पाच जणांवर करून बघितलं" असंच साधं लिहा. तरी नुसत्या सुंदर पोस्टरपेक्षा हा प्रोजेक्ट किती तरी जास्त बोलतो. त्याचंच मोबाईलवरचं व्हर्जन केलंत तर अक्षरं आणि मागचा रंग यांच्यातला कॉन्ट्रास्ट निदान ४.५:१ ठेवा, वेब अॅक्सेसिबिलिटीच्या डब्ल्यूसीएजी नियमांत नेहमीच्या आकाराच्या मजकुरासाठी डबल-ए लेव्हलला हाच आकडा दिलाय आणि तो मोजायची टूल्स फुकट मिळतात.

बाकीच्या क्षेत्रांतही असंच करता येतं. लिहिणाऱ्यांनी एखाद्या यंत्राचं न कळणारं माहितीपत्रक घेऊन सोप्या भाषेत लिहावं आणि एखाद्याला ते वाचून ते यंत्र चालवायला लावावं. एडिटरनी एकाच फुटेजमधून आडवा ६० सेकंदांचा आणि उभा १५ सेकंदांचा असे दोन कट करावेत, कारण क्लायंट बहुतेक वेळा दोन्ही मागतो, आणि उभ्या फ्रेममध्ये माणूस बाहेर जात असेल तर काय करायचं हे त्यातच शिकायला मिळतं. इलस्ट्रेटरनी एका लेखासाठी तीन चित्रं करावीत, मोठं, मधलं, आणि अंगठ्याएवढं दिसलं तरी कळेल असं.

ऑनलाइन चॅलेंजबद्दलही सांगतो. २००९ पासून दर ऑक्टोबरला चालणारं, रोज शाईनं एक चित्र काढायचं इंकटोबर किंवा २६ अक्षरं आणि १० आकडे काढायला लावणारं ३६ डेज ऑफ टाइप, हात चालता ठेवायला हे उत्तमच, जरूर करा. पण त्यातली सगळी चित्रं पोर्टफोलिओत ओतू नका, उत्तम जमलेली एकत्र करून त्यांचा एकच प्रोजेक्ट करा.

३. निदान एक काम खऱ्या माणसासाठी करा

स्वतःच्या ब्रीफमध्ये एक गोष्ट येत नाही, ती म्हणजे समोरच्याचं "हे मला आवडलं नाही". तो अनुभव हवाच. एखादी सामाजिक संस्था, ग्रंथालय, नाटकाचा ग्रुप, नुकता धंदा सुरू केलेला ओळखीचा माणूस, असं कुणी बघा आणि एक छोटं काम करून द्या. फुकट केलंत तरी हरकत नाही, पण मोघम करू नका, सुरुवातीलाच मेलवर चार गोष्टी लिहून घ्या: नक्की काय देणार, किती तारखेपर्यंत, किती वेळा बदल करून देणार (दोन वेळा पुरे), आणि काम पोर्टफोलिओत दाखवायची परवानगी. काम झाल्यावर दोन ओळींचा अभिप्राय मागा, आणि तो "खूप छान काम" असा नको, आधी काय अडत होतं आणि आता काय सोपं झालं ते लिहायला सांगा.

फोटोग्राफरांमध्ये टीएफपी म्हणून पद्धत आहे, मॉडेल वेळ देतो आणि बदल्यात त्याला फोटो मिळतात, दोघांचाही पोर्टफोलिओ भरतो. फक्त फोटो कुठे वापरायचे याची लेखी संमती आधीच घ्या, नंतर मागायला गेलं की अवघड होतं.

आणि फुकटचं काम एक, फार तर दोन. एखादी कंपनी "आधी सॅम्पल करून द्या, मग बघू" म्हणत खरंखुरं, वापरता येईल असं काम फुकटात मागत असेल तर नम्रपणे नाही म्हणा आणि तुमचं तयार सॅम्पल पाठवा. त्यासाठीच तर हा सगळा खटाटोप चाललाय.

४. केस स्टडी लिहा, थोडक्यातच

काम करताना कच्ची स्केचेस, फेकून दिलेले पर्याय, पहिला ड्राफ्ट, सगळं एका फोल्डरमध्ये तारखेनुसार टाकत जा, नंतर शोधायला बसलं तर सापडत नाही. प्रोजेक्ट पूर्ण झाला की दीडशे-दोनशे शब्दांत लिहा: अडचण काय होती, अटी काय होत्या, कुठला पर्याय का सोडला, शेवटी काय झालं. "मॉडर्न, मिनिमल आणि क्लीन लेआउट" असलं लिहून काही कळत नाही. त्याऐवजी असं लिहा: "आधी मार्गाच्या नंबरनुसार लावलेला तक्ता केला होता, पण लोकांना नंबर आठवत नव्हता, वेळ माहीत होती, म्हणून तासांनुसार लावला आणि प्रत्येक तासाचा आकडा मोठा केला." एवढं वाचलं तरी समजतं की हा माणूस विचार करून बदल करतो. माझ्या मते या दोन ओळींची किंमत चार गुळगुळीत मॉकअपपेक्षा (डिझाइन खऱ्या वस्तूवर लावल्यासारखं दाखवणाऱ्या चित्रांपेक्षा) जास्त आहे.

प्रोजेक्ट किती हवेत? तीन ते पाच. सहावा "बरा आहे" वाटतोय ना, मग काढा, कारण बघणारा तुमच्या सगळ्यात कच्च्या कामावरूनही अंदाज बांधतो. सगळ्यात चांगला पहिला ठेवा, दुसरा चांगला शेवटी. व्हिडिओवाल्यांनी शोरील, म्हणजे निवडक शॉट जोडून केलेला व्हिडिओ, एक-दीड मिनिटात संपवावी आणि भारीतले शॉट सुरुवातीलाच टाकावेत, वाट बघत कुणी थांबत नाही.

५. खरं काय ते सरळ लिहा

कन्सेप्ट प्रोजेक्ट असेल तर वरच लिहा, "स्वतः ठरवलेलं काम, कंपनीशी संबंध नाही". प्रसिद्ध ब्रँडचा लोगो लावून त्यांचं काम केल्यासारखं दाखवू नका, पहिल्याच कॉलवर उघडं पडतं आणि मग बाकीचं खरं कामही संशयात येतं. ग्रुपमध्ये केलेलं काम असेल तर त्यात तुमचा भाग कुठला ते सांगा. एआय वापरलं असेल तर कुठे वापरलं तेही सांगा.

लायसन्सकडे लोक फारच दुर्लक्ष करतात. दुसऱ्याचं काम ठरावीक अटींवर वापरू देणाऱ्या क्रिएटिव्ह कॉमन्स लायसन्समध्ये बीवाय असेल तर श्रेय द्यावं लागतं, एनसी म्हणजे व्यावसायिक वापर नाही, एनडी म्हणजे बदल करून प्रसिद्ध करायचं नाही, आणि सीसी झीरो असेल तर मोकळं. तुमचा पोर्टफोलिओ धंदा मिळवायलाच आहे, त्यामुळे एनसीवालं काही त्यात न वापरलेलंच बरं. "पर्सनल यूज" लिहिलेल्या फुकट फॉन्टचंही तेच. गूगल फॉन्ट्सवरचे फॉन्ट ओपन सोर्स आहेत, व्यावसायिक कामातही चालतात, ते घेतले की डोक्याला ताप नाही. व्हिडिओच्या म्युझिकचं लायसन्सही डाउनलोड करतानाच सेव्ह करून ठेवा.

६. कुठे ठेवायचं

यावर आठवडे घालवू नका. व्हिज्युअल कामासाठी बिहान्स ही पोर्टफोलिओची वेबसाइट फुकट आहे, अॅडोबीचं क्रिएटिव्ह क्लाउड घेतलेलं असेल तर त्यात अॅडोबी पोर्टफोलिओ येतंच, आणि लिहिणाऱ्यांना नीट मांडलेली गूगल डॉक्सची फाइलसुद्धा सुरुवातीला पुरते. स्वतःच्या नावाचं डोमेन जमेल तेव्हा घ्या. सोबत एक पीडीएफ हवीच, पाच-सात एमबीच्या आत, कारण जीमेलची अॅटॅचमेंटची मर्यादा २५ एमबी असली तरी जड फाइल मोबाईलवर उघडायचा कंटाळा सगळ्यांनाच येतो. स्क्रीनसाठीच्या इमेज एसआरजीबी या स्क्रीनच्या रंगपद्धतीतच एक्सपोर्ट करा, छपाईच्या शाईच्या रंगांतली सीएमवायके फाइल तशीच चढवली तर रंग फिके किंवा भलतेच दिसू शकतात.

पाठवण्याआधी लिंक इनकॉग्निटो विंडोमध्ये आणि दुसऱ्याच्या फोनवर उघडून बघा. ड्राइव्हची फाइल "परवानगी मागा" असं दाखवत असेल तर समोरचा परवानगी मागत बसत नाही, तो पुढच्या माणसाची लिंक उघडतो. तुमचं नाव, ती एक ओळ आणि संपर्क, हे तिन्ही स्क्रोल न करता दिसायला हवं.

७. दाखवायला सुरुवात करा

आधी अशा एका माणसाला दाखवा जो तुमच्या क्षेत्रातला नाही, दोन मिनिटं बघू द्या, मग लिंक बंद करून विचारा, "मी काय काम करतो?" उत्तर तुमच्या पहिल्या ओळीशी जुळलं नाही तर दोष त्याचा नाही, पोर्टफोलिओची मांडणी बदला. मग खऱ्या लोकांना मेल करा, दर वेळी सगळा पोर्टफोलिओ पुढे ढकलण्यापेक्षा त्या माणसाच्या कामाशी जुळणारा एकच प्रोजेक्ट निवडा आणि का निवडला ते एका वाक्यात लिहा: "तुमच्या माहितीपत्रकात अर्ज कसा करायचा हे शेवटच्या पानावर आहे, मी असाच एक मजकूर सोपा केलाय, तो इथे बघा." आठवडाभरात उत्तर आलं नाही तर एकदाच आठवण करा. आणि तोवर पुढचं ब्रीफ लिहायला घ्या, या वेळी ज्यांना मेल केले त्यांच्याच कामात वारंवार दिसलेली एखादी अडचण घेऊन.