रोबोटिक शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाला टेबलावर कसे झोपवावे
रोबोटचे हात शरीरात उपकरणे नेण्यासाठी घातलेल्या नळ्यांना एकदा जोडले की साधे टेबल हलवता येत नाही, म्हणून रुग्णाची स्थिती आधीच पक्की करावी. ओटीपोटाच्या शस्त्रक्रियेत डोक्याकडची बाजू बहुधा २५ ते ३० अंश खाली झुकवतात. तेव्हा रुग्ण घसरू नये यासाठी उघड्या पाठीखाली न सरकणारी फोमची गादी घालावी, पण खांद्यांना टेकू देण्याचा मोह टाळावा, कारण त्याने हाताकडे जाणाऱ्या नसा दाबल्या जाऊ शकतात. हात अंगालगत ठेवताना तळवा मांडीकडे वळवावा आणि कोपराच्या आतल्या बाजूला, जिथे आपटल्यावर करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात नेमके तिथे, मऊ पॅड द्यावे. डोळे मिटवून चिकटपट्टी लावावी. निर्जंतुक कापडे घालण्यापूर्वी टेबल पूर्ण झुकवून रुग्ण सरकतो का, हे पाहावेच.