बाळाला घेऊन ट्रेनने गावी जायचंय? मग आधी हे वाचून घ्या

गणपती जवळ आले की ओळखीतली कोणी ना कोणी नवीन आई विचारतेच, बाळ सहा-सात महिन्यांचं आहे, ट्रेनने गावी नेऊ का, झेपेल का. झेपतं, नक्की झेपतं. फक्त तयारी बाळाच्या बॅगेपासून सुरू करू नका, आईपासून करा. आई पोटभर जेवलेली असेल, पाणी तिच्या हाताशी असेल आणि मध्ये दोन तास तिचा डोळा लागला असेल तर बाळाचं सगळं नीट पार पडतं, कारण त्याचं दूध, त्याची झोप, त्याचं रडं थांबणं सगळं तिच्यावरच आहे. घरात झबली कुठली घ्यायची यावर आठवडाभर चर्चा होते आणि आईच्या डब्यात काय हे कोणी विचारतच नाही. म्हणून हे बाबांनी, आजीने, आत्यानेही वाचा, यातली निम्मी कामं तुमची आहेत.

मी मुंबई-ठाण्याकडून कोकण रेल्वेने चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, कुडाळकडे जाणाऱ्यांसाठी लिहितेय. बाकीच्यांना पण यातलं बरंचसं चालेल.

सगळ्यात आधी लसीची तारीख बघा. लस दिली आणि दुसऱ्या दिवशी गाडी पकडली असं करू नका, लसीनंतर एक-दोन दिवस कणकण येऊ शकते, त्यामुळे मध्ये दोन-तीन दिवस मोकळे ठेवा. नऊ महिने पूर्ण होत असतील तर गोवर-रुबेलाची लस असते, ती कधी द्यायची ते निघायच्या आधी डॉक्टरांना विचारून घ्या आणि लसीचं कार्ड सोबत घ्या.

आता तिकीट. पाच वर्षांखालच्या मुलाला ट्रेनमध्ये तिकीट लागत नाही, पण वेगळा बर्थही मिळत नाही, म्हणजे बाळ तुमच्याच बर्थवर झोपणार हे धरून चाला. ऑनलाइन बुकिंग करताना बाळाचं नाव टाकायला वेगळा रकाना असतो, तो भरा. रिझर्वेशन आता 60 दिवस आधी उघडतं (2024 च्या नोव्हेंबरपर्यंत ते 120 दिवस होतं, अजून बरेच जण त्याच हिशोबात असतात), आणि गणपतीच्या गाड्या बघता बघता भरतात, तर तारीख मोजून सकाळी आठला तयारच बसा. लोअर बर्थ मिळाला तरच तिकीट काढा असा एक पर्याय बुकिंगमध्ये असतो, त्यावर टिक करा. आरएसीवर बाळाला घेऊन जाऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे, साइड लोअरवर अनोळखी माणसाबरोबर अर्धी अर्धी सीट, त्यात बाळ मांडीवर, रात्रभर पाय लांब करता येत नाहीत, आई पार पिळून निघते. त्यापेक्षा चार दिवस आधी किंवा नंतर जा. आरती कुठल्या दिवशी मिळाली याने बाळाला काही फरक पडत नाही.

दिवसाची गाडी की रात्रीची यावर प्रत्येक घरात वाद होतो. बघा, कोकणकन्या रात्री अकराच्या पुढे सुटते, बाळ झोपलेलं असतं हे खरं, पण चिपळूणला उतरायचं असेल तर ती तुम्हाला अपरात्री उतरवते आणि पुढे गावात जायला रिक्षा मिळेपर्यंत स्टेशनवर बसावं लागतं. कुडाळ-सावंतवाडीवाल्यांना ती चांगली, उजाडल्यावर पोचते. चिपळूण, रत्नागिरीवाल्यांनी सकाळची मांडवी घ्यावी, उजेडात पोचता आणि आईला गाडीत गरम खायलाही मिळतं. अजून एक, पावसाळ्यात कोकण रेल्वेचं टाइमटेबल वेगळं असतं, दरडीच्या भीतीने गाड्या मुद्दाम हळू चालवतात, आणि गणपती बहुतेक त्याच काळात येतात. त्यामुळे खाणं, डायपर, गरम पाणी हे सगळं टाइमटेबलपेक्षा चार-पाच तास जास्तीचं धरून घ्या.

डबा कुठला? परवडत असेल तर टू एसी, कारण तिथे पडदे असतात आणि अंगावर पाजायला निवांत जमतं. थ्री एसीला पडदे नसतात पण मोठी ओढणी आणि पुढून बटणं असलेला कुर्ता असला की काम होतं, लाजायचं काही कारण नाही, समोरच्यांना सरळ सांगा जरा खिडकीकडची जागा द्या म्हणून, बहुतेक जण आपणहून उठतात. एसीत रात्री फार गारठा होतो, अटेंडंटला सांगून कमी करून घ्या. बाळाला सुती अंगडं, पायमोजे आणि वरून एक दुपटं एवढं बास. रेल्वेची जाड ब्लँकेट बाळाच्या अंगावर नकोत, तोंडावर सरकली तर कळतही नाही.

झोपवताना बाळ पाठीमागच्या भिंतीकडे आणि आई बाहेरच्या बाजूला. डोकं खिडकीकडे, पॅसेजकडे नको, कारण रात्रभर बॅगा आणि चहावाले जातात-येतात आणि धक्का लागतो. साडीची झोळी बांधणारे बरेच असतात, मी ती बांधू नका म्हणेन, गाडी अचानक ब्रेक मारते तेव्हा झोळी समोरच्या बर्थवर आपटते.

बोगदे विसरू नका. या लाइनवर नव्वदच्या वर बोगदे आहेत आणि रत्नागिरीच्या अलीकडचा करबुडे तर साडेसहा किलोमीटरचा. स्लीपरच्या उघड्या खिडक्यांतून आत जो आवाज घुमतो त्याने बाळं दचकतात, ओठ काढून रडायला लागतात. अशा वेळी खिडकी खाली ओढा, बाळाला छातीशी घट्ट धरा, एक कान तुमच्या अंगाला आणि दुसऱ्यावर तळहात, आणि काहीतरी गुणगुणत राहा, चांदोबा चांदोबा भागलास का चालेल, तुमच्या छातीतला आवाज त्याला जाणवतो. दोन-तीन बोगद्यांनंतर सवय होते.

खाण्याचं नीट सांगते कारण गडबड इथेच होते. सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर आईचं दूध, बस, वरचं पाणीसुद्धा नको, कितीही उकाडा असू दे, फक्त जास्त वेळा पाजा. पावडरचं दूध असेल तर घरून उकळतं पाणी चांगल्या स्टीलच्या थर्मासमध्ये भरा, पावडर एकेका वेळेची मोजून छोट्या कोरड्या डब्यांत, आणि दूध त्या त्या वेळीच बनवा. पाणी वाफाळतं असतानाच त्यात पावडर कालवायची, मग बाटली गार पाण्यात धरून कोमट करायची, पाजण्याआधी मनगटावर थेंब टाकून बघायचा. प्यायला लागल्यापासून तासाभरात संपलं नाही तर ओतून द्या, जीवावर येतं पण द्या. पँट्रीच्या गरम पाण्यावर अवलंबून राहू नका, आणि ट्रेनच्या चार्जिंग पॉइंटला इलेक्ट्रिक केटल लावायला बंदी आहे, तो विचारच करू नका.

वरचं खाणाऱ्या बाळासाठी माझा सगळ्यात भरवशाचा प्रकार म्हणजे भाजलेल्या डाळ-तांदळाचं पीठ. तांदूळ चार वाट्या, मुगाची डाळ एक वाटी, दोन्ही धुऊन फडक्यावर पूर्ण वाळवायचं, मग मंद आचेवर वेगवेगळं भाजायचं. तांदूळ पांढरे फुलतात आणि दाताखाली कुडकुड मोडतात तेव्हा झाले समजा, डाळीला वास सुटून रंग जरा गुलाबीसर होतो. गार करून बारीक दळा, चाळा. गाडीत दोन-तीन चमचे पीठ रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये घ्यायचं, थोड्या गार पाण्यात गुठळ्या मोडायच्या, उकळतं पाणी ओतून ढवळायचं आणि झाकण लावून वीस मिनिटं विसरून जायचं. उघडलं की मऊ गुरगुट्या भातासारखं तयार, वरून घरचं तूप. वर्षाच्या आत मीठ-साखर नको, आणि मध तर अजिबात नको, चाटवायलासुद्धा नाही, त्यातून बॉटुलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. मधल्या वेळेला वेलची केळं, सोलून चमच्याने कुस्करलं की झालं, धुवायचीही भानगड नाही. मात्र नवीन पदार्थाची सुरुवात प्रवासात करू नका.

गाडीत लोक प्रेमाने बाळाच्या हातात बिस्किट देतात, कोणी शेंगदाणा देतं. शेंगदाणा, फुटाणा, चिवडा घशात अडकतो, हे जीवावरचं काम आहे, तिथे भीड ठेवू नका. काकू, डॉक्टरांनी बाहेरचं द्यायला नाही सांगितलंय एवढं म्हटलं की कोणी वाईट वाटून घेत नाही. आईचा डबा मात्र भरपूर असू दे, दशम्या, भाकरी-चटणी, लाडू, केळी, आणि पाण्याची मोठी बाटली, पाजताना तहान लागतेच. ती जेवत असेल तेव्हा बाळ दुसऱ्याकडे, हा नियमच करून टाका.

शी-शूचं. डायपर तासाला मोजू नका, तीन तासांना एक धरा आणि वर चार जास्तीचे घ्या. बदलायचं आपल्या बर्थवरच, खाली प्लास्टिकची शीट, गाडी दोन स्टेशनांच्या मध्ये असताना, कारण स्टेशन आलं की चढणारे-उतरणारे अंगावर येतात. वापरलेला डायपर गुंडाळून वर्तमानपत्रात बांधून कचऱ्याच्या डब्यातच टाका. संडासात टाकू नका, डब्यांना बायोटॉयलेट असतात, एका डायपरने तो तुंबतो आणि पुढचे कित्येक तास पूर्ण डब्याचे हाल होतात. हे सगळं सामान मोठ्या बॅगेत तळाशी गेलं तर काही उपयोग नाही, एक वेगळी खांद्याची पिशवी करा, त्यात तीन डायपर, वाइप्स, एक कपड्यांचा जोड, दोन दुपटी, वाटी-चमचा, औषधं, आणि आईचाही एक कुर्ता, कारण बाळ ओकतं ते तिच्यावरच. ती पिशवी सीटखाली नाही, हुकाला अडकवायची.

औषधांत तापाचं पॅरासिटॅमॉल डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे एमएलमध्ये लिहून घ्या आणि कुठली बाटली तेही नावासकट, कारण ड्रॉप्स हे सिरपपेक्षा कितीतरी स्ट्राँग असतात, घाईत अदलाबदल झाली तर डोस चुकतो. ओआरएस डब्ल्यूएचओ फॉर्म्युलाचं पाकीट घ्या, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात पूर्ण पाकीट. आणि एक कळकळीने सांगते, गाडीत गुंगून झोपावं म्हणून सर्दीचं सिरप देण्याचा सल्ला कोणीही दिला तरी ऐकू नका. सर्दीच्या ज्या औषधांत क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन एकत्र असतं ती चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत असं आपल्या केंद्रीय औषध नियंत्रकांनीच 2023 मध्ये सांगितलंय. रडेल, चालेल. गाडीत तब्येतीचं काही वाटलं तर 139 ला फोन लावा, पुढच्या स्टेशनवर डॉक्टरांची सोय करायला सांगता येतं.

उतरताना खरी कसोटी. बऱ्याच स्टेशनांवर गाडी जेमतेम दोन मिनिटं थांबते, काही ठिकाणी प्लॅटफॉर्म खोल असतो. अर्धा तास आधी बाळाला पाजून, बदलून घ्या, पंधरा मिनिटं आधी सामान दाराजवळ. पहिल्यांदा मोकळ्या हाताने एक माणूस उतरणार, मग सामान, मग बाळ अंगाला बांधलेली आई, दोन्ही हात दांड्याला. स्ट्रोलर घरीच ठेवा, पूल चढताना तो उचलायला तिसरा माणूस लागतो. कॅरियर घ्या, त्यात बाळाचं तोंड तुम्हाला खाली बघून दिसलं पाहिजे आणि हनुवटी छातीला टेकलेली नको. ज्या गाडीने पुढे जाणार त्या रिक्षावाल्याला आदल्या दिवशीच फोन करून ठेवा. एसटीने जाणार असाल तर मोठ्या स्टँडांवर पाजण्यासाठी हिरकणी कक्ष असतो, कुलूप दिसलं तर कंट्रोलरच्या खिडकीवर विचारा, मागे हटू नका. स्वतःच्या कारने जाणाऱ्यांनी पुढच्या सीटवर मांडीत बाळ घेऊन बसू नका, एअरबॅग उघडली तर बाळाला तीच लागते. मागच्या सीटवर, मागे तोंड केलेली बेबी सीट, कायद्यानेही ती लागते.

गावी पोचल्यावर पहिला दिवस कोणाकडे जायचं नाही. सगळे बघायला येतील, येऊ देत, हात धुऊन घ्या म्हणायचं आणि पापे पायाचे घ्या सांगायचं. दृष्ट काढा, तीट लावा, काही हरकत नाही, फक्त मिरच्यांचा धूर बाळापासून लांब. धुरी पण नको. सर्दी म्हणून कापराची पुरचुंडी गळ्यात किंवा उशाशी ठेवतात ती लगेच काढून घ्या, कापूर पोटात गेला तर लहान मुलांना झटके येऊ शकतात. डासांसाठी मच्छरदाणीसारखं दुसरं काही नाही, घरूनच घडीची घेऊन जा. विहिरीचं पाणी उकळूनच. जवळचा बालरोगतज्ज्ञ कुठे बसतो ते पहिल्याच दिवशी विचारून ठेवा, आणि अॅम्ब्युलन्सला 108.

पावसात लंगोट दोन दोन दिवस वाळत नाहीत, चुलीवर दोरी बांधली तर धुराचा वास लागतो. त्यामुळे सुती लंगोट वापरत असाल तर शहरात लागतात त्याच्या दुप्पट न्या, आणि परतीचं तिकीटही परतीच्या तारखेपासून मोजून 60 दिवस आधी काढा, विसर्जनानंतर परतीलाही भरपूर गर्दी असते.