अंदमानला जाताय? एकाच बेटावर मुक्काम टाका

कोल्हापुरातून अंदमानला निघालेल्या घरांचा बेत बहुतेकदा सारखाच असतो: रोज नवं बेट, रोज बोट. पोरं पेंगतात, आजी-आजोबा थकून जातात. त्यापेक्षा स्वराज द्वीप, म्हणजे पूर्वीचं हॅवलॉक धरा आणि तिथंच तीन-चार रात्री निवांत काढा.

घड्याळाची सवय मात्र बदलावी लागते. अंदमान आपल्यापेक्षा बरंच पूर्वेला, पण वेळ तीच. त्यामुळं डिसेंबरात सूर्य पाचच्या सुमारास मावळतो. रंकाळ्यावर सहाला फिरायला निघणाऱ्यांना तिथं अंधारच भेटेल. दुपारी जेवून सगळ्यांनी थोडी ताणून द्यावी आणि तीनलाच राधानगर किनारा गाठावा.

ओहोटीची वेळ हॉटेलात रोज विचारा, कारण ती दररोज साधारण ५० मिनिटं पुढं सरकते. शहीद द्वीपला, म्हणजे नीलला, गेलातच तर तिथल्या खडकाच्या नैसर्गिक पुलापाशी ओहोटीलाच जा. डबक्यांतले खेकडे, इवले मासे, काळ्या समुद्रकाकड्या बघत पोरं तासभर हलत नाहीत. त्यांना ओढू नका. पायात घट्ट बसणारे सँडल घाला, खडक धारदार असतात. प्रवाळाचा तुकडाही उचलू नका, कायद्यानं बंदी आहे.